पहिलं बाळंतपण, दोन गावं आणि एक फाईल: मराठवाड्यातल्या पहिलटकरणींसाठी

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, भाऊ नाहीतर वडील न्यायला येतात, आणि लेक माहेरी जाते ती बाळ तीन महिन्यांचं झाल्यावरच परत येते. ही रीत मला मनापासून पटते. पहिल्या वेळी आईच्या नजरेखाली असण्याचा आधार फार मोठा असतो. पण सरकारी आरोग्याची सगळी व्यवस्था गावाच्या हिशेबानं चालते. आशाताई त्या गावाची, उपकेंद्राचं रजिस्टर त्या गावाचं, अंगणवाडीची यादीही त्याच गावाची. आपलं मात्र गरोदरपणाचे सहा महिने सासरी, बाळंतपण माहेरच्या तालुक्याला, आणि लसी निम्म्या इकडं निम्म्या तिकडं.

माझं सासर लातूर जिल्ह्यात, माहेर बीड जिल्ह्यात. पहिल्या वेळी जिथं जिथं घोडं अडलं ते बहुतेक या दोन गावांच्या मध्येच अडलं. म्हणून जी पहिल्यांदा आई होणार आहे तिच्यासाठी, आणि तिच्या नवऱ्यासाठी, सासूसाठी, आईसाठीही, सगळं ओळीनं लिहिते आहे. औषध आणि उपचार ठरवायचं काम डॉक्टरांचंच. बाकीची तयारी मात्र घरातच करावी लागते.

१. पाळी चुकली की पहिल्या पंधरा दिवसांत

पाळी चुकून आठवडा झाला की लघवीची तपासणी करा. मेडिकलमध्ये पट्टी मिळते, आशाताईकडे तीच फुकट मिळते. तपासणी होकारार्थी आली की लगेच शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख धरायची, संपल्याची नाही. आपल्याकडं ही गोष्ट सणावर लक्षात राहते: ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती.’ सण दरवर्षी सरकतो आणि पुढं दवाखान्यात तीन माणसं तीन तारखा सांगतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून इंग्रजी तारीख काढा आणि तीच सगळीकडे सांगा. या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारीख जास्त नेमकी सांगते.

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करायची. इथं पहिला अडथळा घरातूनच येतो, कारण तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं मोठी माणसं म्हणतात. शेजारीपाजारी सांगू नका, हरकत नाही. पण आशाताईला आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना सांगा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पहिल्या तीन महिन्यांतच लागते, बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण त्याच काळात होते. चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी त्या कामाला उपयोगी पडत नाही.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि आरसीएच नंबर पडतो. हा नंबर कार्डावर लिहून घ्या आणि नवऱ्याच्या व आईच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढं दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर तुमची सगळी माहिती याच नंबरावरून सापडते.

२. फाईल: कागदपत्रं कोणती आणि त्यात अडतं काय

प्लास्टिकची बटणवाली एक फाईल घ्या. त्यात हे असू द्या:

– माता-बाल संरक्षण कार्ड
– तुमचं आणि नवऱ्याचं आधार, प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स
– तुमच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक
– रेशनकार्डाची झेरॉक्स
– जातीचा दाखला, ई-श्रम कार्ड, जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड यांपैकी जे असेल ते
– रक्तगटाचा कागद
– सोनोग्राफीचे आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
– पासपोर्ट फोटो

सगळ्यात जास्त अडतं ते नावात. लग्नाला वर्ष झालेलं नसतं. आधारवर वडिलांचं नाव, पासबुक कॉलेजच्या वेळचं तेही माहेरच्या बँकेतलं, आणि नर्सबाईंनी रजिस्टरला लिहिलेलं सासरचं नाव. मग प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा (पहिल्या बाळासाठी सरकारकडून पैसे मिळतात ती) फॉर्म परत येतो. माझं सांगणं असं की आधारवर आज जे नाव आहे तेच अक्षर न अक्षर सगळीकडे लिहायला सांगा. नाव बदलायचंच असेल तर पहिल्या तीन महिन्यांत आधार केंद्रावर जाऊन बदला, आणि मग बँकेतही लगेच बदला. मध्येच, सातव्या महिन्यात, बदलायला घेऊ नका.

दुसरं म्हणजे खातं आधारला जोडलेलं आणि चालू हवं. योजनेचे पैसे आधार जिथं जोडलेलं आहे त्याच खात्यात जातात, फॉर्मवर कुठलाही नंबर लिहिलेला असला तरी. दोन-तीन खाती असतील तर बँकेत जाऊन ‘आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ हे विचारून घ्या.

३. बाळंतपण कुठं, हे पाचव्या महिन्यात ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि आपल्याकडं तो सगळ्यात उशिरा होतो. ओटी भरायच्या दिवशी पाहुणे जेवून उठल्यावर चर्चा सुरू होते. तसं करू नका. पाचव्या महिन्यात दोन्ही घरच्या माणसांनी फोनवर का होईना, बसून ठरवायचं.

ठरवताना मानापानापेक्षा रस्ता बघा. माहेरच्या गावापासून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, तिथं रात्री नर्सबाई असतात का, ग्रामीण रुग्णालयात सिझरची सोय आहे का, नसेल तर पुढं कुठं पाठवतात. रक्त साठवायची सोय कुठं आहे हेही विचारा. मराठवाड्यात मोठी सरकारी सोय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, नांदेडजवळ विष्णुपुरीचं आणि लातूरचं मेडिकल कॉलेज, शिवाय प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय. तुमचं माहेर यांतल्या कुठल्या ठिकाणाला जवळ पडतं आणि वाटेत पावसाळ्यात पूल बुडतो का, हे आधीच माहीत असलेलं बरं. बाळंतपण जुलै-ऑगस्टमध्ये असेल आणि गाव ओढ्याच्या पलीकडं असेल तर शेवटचे आठ-दहा दिवस तालुक्याला एखाद्या नातेवाइकाकडे राहा.

डॉक्टरांनी ‘जोखमीचं’ म्हणून सांगितलं असेल (रक्तदाब, साखर, जुळं, रक्त फार कमी, उंची फार कमी, बाळ आडवं, वार खाली), तर माहेर की सासर हा प्रश्न उरत नाही. जिथं सिझर आणि रक्ताची सोय आहे तिथंच जायचं. आई हवीच असेल तर आईला तिकडं बोलवा. डोहाळजेवण नंतरही करता येतं.

माहेरी जायचं ठरलं तर प्रवास सातव्या महिन्यात करा. नववा लागल्यावर खराब रस्त्यानं एसटीत चार तास बसायचं टाळा. आणि निघण्यापूर्वी ही चार कामं करा:

सासरच्या आशाताईला सांगा की अमुक तारखेला अमुक गावी चालले आहे.
माहेरच्या आशाताईचा नंबर घ्या आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं करून द्या.
सासरच्या उपकेंद्रातून गोळ्या पुढच्या महिन्यापर्यंतच्या घेऊन जा.
माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या दवाखान्यात कार्ड दाखवून तपासून घ्या.

शेवटचं काम बहुतेकजणी सोडतात. मग कळा सुरू झाल्यावर ज्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासमोर जावं लागतं. माहेरच्या दवाखान्यात नवी नोंदणी करू देऊ नका. जुन्याच आरसीएच नंबरावर पुढची नोंद करायला सांगा. दोन नोंदी झाल्या की योजनेचा फॉर्म दोन्हीकडे अडकतो.

४. तपासण्या

किमान चार तपासण्या ठरलेल्या आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४, आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. खाजगीत याहून जास्त होतात. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी बघितली गेली पाहिजे. घाईत रक्तदाब राहून जातो. तसं झालं तर आपण होऊन म्हणा, ‘सिस्टर, बीपी राहिलं.’ पहिल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका पुढच्या वेळेपेक्षा जास्त असतो. तो वाढला तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. १४०/९० किंवा त्याच्या वर आकडा दिसला तर ‘दगदगीनं झालं असेल’ म्हणून घरी येऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. गर्दी असते, सकाळी लवकर जा, भाकरी आणि पाण्याची बाटली सोबत न्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन, म्हणजे आताचं टीडी, दोन वेळा असतं. पहिलं नोंदणीच्या वेळी, दुसरं चार आठवड्यांनी. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर ती गरोदरपणातली साखर, तिला पथ्य आणि नियमित तपासणी लागते. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही रक्तगट तपासा. तो पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. फाईलच्या वरच मोठ्या अक्षरात ‘रक्तगट निगेटिव्ह’ असं लिहून ठेवा, कारण हे इंजेक्शन बाळंतपणाच्या गडबडीत विसरलं तर त्याचा त्रास पुढच्या बाळाला होतो.

सोनोग्राफी साधारण तीनदा: पहिली ११ ते १३ आठवड्यांत, दुसरी १८ ते २० आठवड्यांत बाळाचे अवयव बघायला, आणि शेवटच्या महिन्यांत एक वाढ बघायला. दुसरी चुकवू नका. सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं आणि एका फॉर्मवर सही घेतात, तो फॉर्म १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचा असतो. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, कुणी खुणेनं सांगतो म्हणाला तर तिथून उठून यायचं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. तो आकडा आमच्या जिल्ह्याचा आहे आणि तो वाचताना अजूनही पोटात कालवतं. घरातून दबाव आला तर नवऱ्यानं पुढं होऊन नाही म्हणायचं. ते सुनेच्या एकटीच्या अंगावर टाकू नका.

५. गोळ्या, खाणं आणि आपला उन्हाळा

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. सोपी विभागणी अशी: कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणानंतर, लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत. चहा आणि दूध गोळीच्या आधी-नंतर दोन तास नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळ फार झाली तर गोळी बंद करण्याऐवजी नर्सबाईंना सांगा, वेळ बदलून बघतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर दवाखान्यात भरतीच व्हावं लागतं.

खाण्यासाठी बाहेरून काही महाग आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं-मुगाचं घट्ट वरण, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, मेथी, शेपू, हरभऱ्याचा आणि करडीचा पाला, मोड आलेली मटकी, दही, चालत असेल तर रोज एक अंडं. अंगणवाडीतून गरोदर बाईला पोषण आहाराची पाकिटं मिळतात. ती घरातल्या सगळ्यांत वाटली जातात किंवा म्हशीपुढं जातात, तसं होऊ देऊ नका. गावातल्या बहुतेक घरांत सून सगळ्यात शेवटी जेवते आणि तोवर भाजी संपलेली असते. सासूबाईंनी हे एवढे नऊ महिने उलटं केलं तर त्यांचं नातवंड चांगल्या वजनाचं होईल.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. गरोदर बाईनं डोक्यावर हंडे आणायचे नाहीत आणि दुपारी शेतात जायचं नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी उकळून, गार करून प्या. लघवी पिवळी गडद झाली, जळजळ झाली तर अंगावर काढू नका. लघवीच्या जंतुसंसर्गानं वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. पाणी कमी पिण्यामागं आपल्याकडं एक कारण असतं ते म्हणजे बाहेर जायची सोय नसणं. घरात संडास नसेल किंवा लांब असेल तर त्याची व्यवस्था करणं हे घरच्यांचं पहिलं काम.

६. उसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

बीड, जालना, परभणी, धाराशिव इकडची हजारो घरं दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. बाळंतपणाची तारीख हंगामात येत असेल तर मुकादमाशी बोलणं उचल (आगाऊ पैसे) घेण्याआधी करा, नंतर नाही. उचल अर्ध्या कोयत्याची घ्या, किंवा बाईऐवजी घरातलं दुसरं माणूस जोडीला घ्या. एकदा पूर्ण कोयत्याची उचल घेतली की नवव्या महिन्यातही मोळी डोक्यावर येते आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरला जातो.

जावंच लागलं तर कार्ड आणि फाईल पेटीत घरी ठेवून जाऊ नका. कार्ड महाराष्ट्रात कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. फडावर पोचल्यावर जवळच्या गावच्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला पहिल्या आठवड्यात गाठा, साखर कारखान्याचं नाव आणि टोळीचा मुक्काम सांगा. गोळ्या दोन महिन्यांच्या सोबत न्या. आणि आठवा महिना लागला की गावी परत या. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंतपण करायचं नाही.

७. या खुणा दिसल्या की वाट बघायची नाही

अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकणं, तोंडावर-हातावर सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणं. झटके. ताप. धाप लागणं. कळा नसताना पाणी जाणं. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाल्यासारखी वाटणं.

पहिल्या वेळी हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळायला लागते. सातव्या महिन्यापासून रोज जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या. बाळाची आपली एक लय असते, ती तुम्हाला माहीत होते. ती मंदावली तर ‘बाळ झोपलं असेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबू नका. नुसतं तपासून परत पाठवलं तरी चालेल. दवाखान्यात कुणी ‘उगीच आलात’ म्हणून बोललं तर ते ऐकून घ्या, पण पुढच्या वेळीही जा.

झटके आल्यावर बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकणं, भगताला बोलावणं हे अजून होतं. तो वाढलेला रक्तदाब असतो आणि त्यात जीव जातो. आधी १०८.

८. गाडी आणि पिशवी

१०८ ची गाडी तातडीसाठी, १०२ ची गाडी गरोदर माता आणि लहान बाळांसाठी, दोन्ही मोफत. तरी गावातल्या एका जीपवाल्याचा किंवा रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि त्याला तारीख सांगून ठेवा. रात्री पाऊस असेल, रेंज नसेल, तेव्हा तोच उपयोगी पडतो. फाईल आणि थोडे रोख पैसे एकाच जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या दोन माणसांना माहीत असू द्या.

पिशवीत: दोन-तीन जुने सुती गाऊन किंवा लुगडी, पॅड, बाळासाठी धुवून उन्हात वाळवलेले सुती कपडे आणि टोपडं, दुपटी, चादर, तांब्या-फुलपात्र, साबण, मोबाईलचा चार्जर. सोबतीला रात्रभर जागू शकेल अशी बाई हवी. प्रसूतीच्या खोलीतही एक बाई सोबत थांबू शकते का ते विचारा. पुष्कळ सरकारी दवाखान्यांत थांबू देतात.

९. कळा सुरू झाल्यावर

पहिल्या बाळंतपणात बारा तास किंवा जास्तही लागतात, त्यामुळं घरच्यांनी लगेच धीर सोडू नये. खोट्या कळा चाललं, पडलं की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, जवळजवळ येत जातात. पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघा. दवाखाना तासाभराच्या पलीकडं असेल तर दहा-दहा मिनिटांच्या असतानाच. पाणी गेलं असेल तर कळा असोत नसोत, लगेच, आणि पाण्याचा रंग हिरवट होता का हे डॉक्टरांना सांगा.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या मोफत आहेत. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवणही मोफत, घरी सोडायला गाडीही मोफत. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली किंवा बाळ झाल्याच्या ‘खुशी’चे पैसे मागितले तर शांतपणे वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, किंवा आरोग्याच्या १०४ हेल्पलाईनवर फोन करा. कळा देणाऱ्या बाईला या बोलण्यात ओढू नका, ते काम पुरुष माणसांचं.

कळा वाढाव्यात म्हणून गावात कुणी इंजेक्शन देतो म्हणाला तर घेऊ नका. त्यानं गर्भाशय फाटू शकतं.

सिझर झालं तर कुणीही ‘हिला जमलं नाही’ म्हणू नये. मला हे फार लागतं म्हणून लिहिते. बाळ आणि बाळंतीण घरी आली, यापुढं टाके पोटावर आहेत की कुठं याला काय महत्त्व.

१०. सव्वा महिना

पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. पिवळसर घट्ट चीक पिळून टाकायचा नाही, तीच बाळाची पहिली लस समजा. मध, गूळपाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, मे महिना असला तरी पाणी नको. हे घरात पटवायला सगळ्यात जड जातं, कारण बाळाच्या ओठांकडं बघून आजीचा जीव कळवळतो. दुधातच बाळाला पुरेसं पाणी असतं, तहान लागली तर ते जास्त वेळा पितं. पाणी आईला द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत सोडून द्यायला हवी, आणि वरण-भाजीही तोडू नका. डिंकाचे-मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, हळिवाची खीर, शेपूची भाजी खुशाल द्या, पण जेवणासोबत, जेवणाऐवजी नाही.

नाळेला हळद, तेल, शेण, राख काही लावू नका. ती कोरडी राहिली की आपोआप पडते. दारं-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे. बंद खोलीतला तो धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. डोळ्यांत काजळ नको, नाकात-कानात तेल नको.

दवाखान्यातच बाळाला बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ-बची लस २४ तासांच्या आत मिळालेली कार्डावर बघा. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. माहेरची आशा तुमचं नाव तिच्या यादीत नसल्यानं येत नसेल तर आईनं स्वतः जाऊन सांगावं. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड लागतं, छाती आत ओढून श्वास घेतं, तळवे-तळपायापर्यंत पिवळं झालं, यांतलं काहीही दिसलं तर बारशाची तयारी सोडून दवाखाना.

बाळंतिणीकडंही बघा. तासाभरात पॅड भिजणं, ताप, घाण वास, पोटरी सुजून दुखणं, या तातडीच्या गोष्टी. पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल तर तो आजार आहे, त्याला औषध आहे. ‘सगळ्यांनीच पोरं काढली’ असं तिला म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात.

११. जन्माची नोंद, योजनेचे पैसे आणि परतीचा प्रवास

जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथंच होते. दवाखाना अंबाजोगाईत असेल तर दाखला तिकडूनच मिळेल, सासरच्या ग्रामपंचायतीत कितीही चकरा मारल्या तरी नाही. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. त्यापुढं उशिराचं शुल्क आणि परवानग्या लागतात. दवाखान्यात फॉर्म भरताना आईचं आणि वडिलांचं नाव आधारप्रमाणे, स्पेलिंगसकट, स्वतः कागदावर लिहून द्या. कायमचा पत्ता सासरचा लिहा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा राहू द्या, वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा धरला जातो, म्हणून चूक राहिली तर लगेच दुरुस्त करा.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात: ३,००० पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये वेगळे मिळतात. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून घेतात. भरल्यावर पावतीचा किंवा स्क्रीनचा फोटो मागून घ्या.

आता लसींच्या तारखा बघा: सहा, दहा आणि चौदा आठवडे. चौदा आठवडे म्हणजे तीन महिन्यांच्या थोडं पुढं, नेमकं ज्या दिवसांत बाळाला घेऊन सासरी जायचं असतं. माहेरची नर्स म्हणते तिकडं टोचा, सासरची म्हणते यादीत नाव नाही, आणि लस दोन महिने लांबते, त्यासोबत दुसरा हप्ताही. म्हणून निघायची तारीख मुहूर्तासोबत लसीचीही बघून ठरवा. शक्य असेल तर चौदा आठवड्यांची लस माहेरीच टोचून, कार्डावर तारीख आणि सही घेऊन मगच निघा. त्या रात्री बाळाला थोडा ताप येईल, म्हणून प्रवास दोन दिवसांनी ठेवा. सासरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात कार्ड आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स आशाताईकडे द्या, आणि नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीची तारीख तिच्याकडून तिथंच लिहून घ्या.